बाबांनी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बेकायदेशीर झालं का?

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. सांगलीत आमचं नकाशे काढायचं ऑफिस आहे. बाबांनी सुरू केलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून मी बघते. माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, हाताखाली दोन मुलं आहेत. बांधकाम परवानगीची प्रकरणं, भोगवटा प्रमाणपत्राचे नकाशे, जुन्या घरांची मोजमापं, असं काम असतं. २०११ साली बाबांनी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे तीन परवाने घेतले, कायमचे. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते फिटायला चार वर्षं लागली. त्याचा खोका त्यांनी ड्राफ्टिंग बोर्डाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. अजून तिथेच आहे.

मागच्या आठवड्यात डीलरच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, पर्पेच्युअल लायसन्स आता बंद झालंय, तुमचं वापरणं बेकायदेशीर आहे, ऑडिट आलं तर अडचणीत याल. महिनाअखेरीपर्यंत तिन्ही परवाने जमा करून सबस्क्रिप्शनवर या, चांगली सूट देतो." त्यातच एका मशीनचा मदरबोर्ड गेलाय. स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून येणाऱ्या फायलीही हल्ली आमच्याकडे उघडत नाहीत. ऑफिसातला एक मुलगा म्हणतो, क्रॅक मिळतं, फुकटात टाकून देतो. मला काही सुचत नाही. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. एवढं कर्ज काढून बाबांनी घेतलं, ते त्यांचं नव्हतंच का? त्यांना फसवलं का?

उत्तर

महिनाअखेरीपर्यंत कशावरही सही करू नका. डीलरकडचा माणूस कितीही गोड बोलला तरी नाही. सूट पुढच्या महिन्यातही मिळते, आणि नाही मिळाली तरी जे हातातून जाईल त्यापुढे ती काहीच नाही. (पत्रातलं कंपनीचं आणि डीलरचं नाव मी गाळलं आहे.)

त्या फोनवर तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या गेल्या. "पर्पेच्युअल बंद झालंय" हे खरं असू शकतं. पण त्याचा अर्थ इतकाच, की कंपनीने कायमचे नवे परवाने विकणं थांबवलं. "तुमचं वापरणं बेकायदेशीर आहे" हे त्यातून निघत नाही. दुकानदाराने एखादा माल विकणं बंद केलं म्हणून गिऱ्हाईकाने पूर्वी नेलेला माल चोरीचा होत नाही.

हे तुमच्याच बाबतीत घडतंय असंही नाही. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर (सबस्क्रिप्शनवर) मिळतील. सीएस ६ ही त्यांची खोक्यातून विकली गेलेली शेवटची. ऑटोकॅड हे नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या ऑटोडेस्कने सुट्या सॉफ्टवेअरचे कायमचे नवे परवाने ३१ जानेवारी २०१६ नंतर विकले नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर ज्यावर चालतात ते व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणं बंद केलं. या तिन्ही ठिकाणी ज्यांनी आधी कायमचा परवाना घेतला होता, त्यांचा वापरायचा हक्क गेला नाही. नवी आवृत्ती, दुरुस्त्या आणि फोनवरची मदत मात्र टप्प्याटप्प्याने आटत गेली.

हा फरक नीट कळायला टॅलीचं उदाहरण घ्या, ते तुमच्याही ऑफिसात असेलच. टॅलीचा कायमचा परवाना एकदा घेतला की घेतला. दर वर्षी आपण भरतो ती टीएसएस, म्हणजे देखभालीची वर्गणी. ती संपली तर नवी आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी मिळत नाहीत, पण खाती उघडतात, व्हाउचर पडतं, ताळेबंद निघतो. परवाना आणि देखभाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्या डीलरने दोन्हीची एकच मोट बांधून तुम्हाला घाबरवलंय.

आता बाबांबद्दल. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं.

बाबांना फसवलं नाही. त्यांनी जे घेतलं त्याचं स्वरूप घराच्या मालकीसारखं नव्हतं, पागडीसारखं होतं. मुंबई-पुण्याकडे पागडीची जागा असते तशी. एकरकमी मोठे पैसे द्यायचे, मग पिढ्यान्पिढ्या राहायचं, पण सात-बारावर नाव मालकाचंच. सॉफ्टवेअरच्या खोक्यात वापरायचा परवाना असतो, कॉपीराइट कंपनीकडेच राहतो. आजची वर्गणी म्हणजे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. मुदत संपली की सामान बाहेर. पागडीवाल्याला उद्या कुणी म्हणालं, की आता सगळीकडे अकरा महिन्यांचे करार होतात तेव्हा तुम्ही बेकायदेशीर झालात, तर तो ऐकून घेईल का?

खुद्द न्यायालयांचंही यावर एकमत नाही. अमेरिकेत एका माणसाने ऑटोकॅडच्या जुन्या, रिलीज १४ च्या प्रती ईबेवर विकायला काढल्या होत्या. २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की ही विक्री नव्हती, परवाना होता, त्यामुळे पुढे विकता येणार नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, युरोपीय संघाच्या न्यायालयाने ओरॅकलच्या प्रकरणात उलट निकाल दिला. एकरकमी पैसे घेऊन मुदतीशिवाय वापरायला दिलं तर ती विक्रीच, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात तयार, खोक्यातलं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असं म्हटलं. तो वाद विक्रीकराचा होता, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर त्यात नाही. पण मी रोज करांच्याच कागदांत असते, आणि मला तो निकाल महत्त्वाचा वाटतो. सरकारने माल म्हणून ज्याच्यावर कर घेतला, ती वस्तू घेणाऱ्याने 'मी विकत घेतली' असं म्हटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? बाबा भोळे नव्हते. त्यांनी त्या काळी मिळत होता तो सगळ्यात पक्का हक्क घेतला. चौदा-पंधरा वर्षं तुमचं ऑफिस त्यावर चाललं आणि कर्ज कधीच फिटलं. मी आकडे बघणारी बाई आहे. तो व्यवहार चांगला होता.

आता त्या सवलतीकडे बघा. डीलर म्हणाला "परवाने जमा करून". त्या तीन शब्दांत सगळं आलं. अशा योजनांत कायमचा परवाना कायमचा परत करायचा असतो. ऑटोडेस्कने २०१७ मध्ये जुन्या गिऱ्हाइकांना वर्गणीवर आणायची योजना काढली तेव्हाही ही अट होती. वर्गणीवर आलात की कायमचा परवाना सोडायचा. पहिल्या वर्षी सूट मिळते. तिसऱ्या वर्षी दर वाढला आणि तुम्ही म्हणालात की नको, जुनंच बरं, तर जुनं राहिलेलं नसतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. वर्गणी घ्यायचीच असेल तर वेगळी घ्या, पूर्ण भावाने घ्या. बाबांचे परवाने तिच्यात मोजू नका.

डीलरला फोनवर उत्तर देऊ नका. ईमेल करा, मराठीत केलीत तरी चालेल: "आपण फोनवर सांगितलंत की आमचे परवाने वापरणं बेकायदेशीर आहे. कराराच्या कोणत्या कलमाखाली, ते कृपया कळवावे. सूट घेतल्यास जुने परवाने रद्द होतील का, तेही कळवावे. पुढील तीन वर्षांचा दर लेखी द्यावा." एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी अशी पत्रं लिहून देते आणि बहुतेक वेळा कलमाचं उत्तर येतच नाही. फोनवर 'बेकायदेशीर' म्हणणारा माणूस लेखी लिहिताना 'अपग्रेड करणे हिताचे ठरेल' असं लिहितो. "आजच घ्या, नाहीतर संधी गेली" अशी खोटी घाई लावणं आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, या दोन्ही प्रकारांची नावं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या 'डार्क पॅटर्न'च्या यादीत आहेत. ती मुख्यतः ऑनलाइन विक्रीसाठी असली तरी ओळखायला उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तोही लिहून ठेवा.

ऑडिटची भीती मात्र सगळीच पोकळ नाही. अशा बऱ्याच करारांत तपासणीचं कलम असतं. त्यामुळे कागद जमवा. बाबांचं मूळ बिल, परवान्याचं प्रमाणपत्र, सिरियल नंबर, नोंदणीची ईमेल, कर्जाचे कागददेखील. कोणता परवाना कुठल्या मशीनवर आहे ते एका वहीत लिहा. तीन परवाने असतील तर तीनच ठिकाणी हवेत. घरच्या लॅपटॉपवर चौथं टाकलेलं असेल तर आजच काढा. देखभाल करार संपल्यानंतर कुणी दुरुस्त्या किंवा नवी आवृत्ती टाकलीय का तेही बघा, कारण वापरायचा हक्क असला तरी त्या अपडेटवर हक्क नसतो. व्हीएमवेअरच्या जुन्या परवानाधारकांना नेमक्या याच मुद्द्यावर ब्रॉडकॉमची पत्रं गेली.

एक गाठ अवघड आहे आणि ती मी लपवणार नाही. परवाने बाबांच्या नावावर असतील, किंवा त्यांच्या मालकीच्या फर्मच्या. धंदा आता तुमच्या नावावर आहे. बऱ्याच करारांत परवाना दुसऱ्याच्या नावे करायला कंपनीची संमती लागते. म्हणून खोक्यातला करार आधी स्वतः वाचा, मग सांगलीतल्याच एखाद्या वकिलाला वारस दाखल्यासकट दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानेच कंपनीला नावबदलाचं पत्र लिहा. डीलरकडे हा विषय आत्ता काढू नका. बाबांचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवूही नका.

क्रॅकबद्दल फार लिहीत नाही. त्या मुलाला रागवू नका, तो ऑफिसचे पैसे वाचवायला बघतोय. पण त्याला समोर बसवून कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब सांगा. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना ती वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर सोडू शकतं, पण तुमचा वापर व्यवसायाचाच आहे. शिवाय, तीन खरे परवाने असलेल्या ऑफिसात एक क्रॅक आलं की त्या तीन खऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कन्सल्टंटच्या फायली उघडत नाहीत, त्याला नवं सॉफ्टवेअर हेच उत्तर आहे असं तुम्ही धरून चाललात. माझ्या ओळखीच्या एका ड्राफ्ट्समनकडून हे समजून घेतलं. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या नकाशाची फाइल, तिचा साचा मधूनमधून बदलतो. तो २०१० च्या आवृत्तीबरोबर बदलला, मग २०१३ च्या, मग २०१८ च्या. तुमचं २०११ सालचं सॉफ्टवेअर फार तर २०१० चा साचा वाचत असणार आणि कन्सल्टंट २०१८ च्या साच्यात पाठवतोय. त्यांना सांगा, सेव्ह करताना २०१० चा प्रकार निवडून पाठवा. ते विसरले, तर ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल जुन्या साच्यात बदलून मिळते. तुमची निम्मी घाई इथेच संपेल असं मला वाटतं.

मेलेल्या मशीनची हार्ड डिस्क फेकू नका, फॉरमॅट करू नका. उरलेल्या दोन चालू मशीनना विंडोज बदलायच्या नादात हात लावू नका. आधी त्यांच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, इमेज, काढून घ्या. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला, ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सोय आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा ती मशीन इंटरनेटपासून तोडा आणि फक्त नकाशांना ठेवा. तिसरा परवाना दुसऱ्या मशीनवर चालू करायला कंपनीचं ऑनलाइन ॲक्टिव्हेशन लागेल, आणि खरी अडचण इथे येऊ शकते. हक्क आहे, पण कुलूप उघडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे. काही वेळा कंपन्या नीट वागतात. सीएस २ चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना अ‍ॅडोबीने जुन्या गिऱ्हाइकांना ॲक्टिव्हेशन न लागणाऱ्या प्रती दिल्या होत्या. तुमच्या कंपनीकडे तशी लेखी मागणी करा. मिळेल अशी खात्री मी देत नाही.

इतकं सगळं सांगून वर हे सांगते, की तुम्ही वर्गणी घ्यावी असं मला वाटतं. एकच जागा, म्हणजे एका मशीनपुरती. तिन्ही नाही.

का ते हिशेबाने बघू. खरा दर लेखी कोटेशनमधून घ्या, मी समजुतीपुरता धरते. एका जागेचे वर्षाला ३०,००० रुपये. तीन जागांचे ९०,०००, वर १८ टक्के जीएसटी १६,२००, एकूण १,०६,२००. पाच वर्षांत ५,३१,०००, तेही दर एकदाही वाढला नाही तर. वर्षाला १२० प्रकरणं होत असतील तर प्रत्येक प्रकरणावर ८८५ रुपये पडतात. एकाच जागेचे वर्षाला ३५,४००, म्हणजे प्रकरणाला २९५. हे २९५ तुम्ही बिलात धरू शकता, गिऱ्हाईक कुरकुरणार नाही. नवा साचा, कन्सल्टंटच्या फायली, ऑनलाइन सादर करायची प्रकरणं, हे सगळं त्या एका मशीनवर. जुनी मोजमापं, दुरुस्त्या, मुलांचं रोजचं रेखाटन बाबांच्या परवान्यांवर.

यात करांचा एक मुद्दा बहुतेक जण चुकवतात. डीलर सांगेल, "वर्गणी पूर्ण खर्चात दाखवता येते, मॅडम." खरं आहे, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो आणि वर्गणी त्याच वर्षी पूर्ण वजा होते. पण तुम्ही गृहीत उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरत असाल, जिला आपण सगळे ४४एडीए म्हणून ओळखतो, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि खर्च वेगळा वजा होतच नाही. मग या फायद्याचा तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. जीएसटीचंही तसंच. तुमची सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणी नसेल तर तो १८ टक्के सरळ खिशातून जातो.

पैसे भरताना "वार्षिक करार, हप्ते महिन्याला" असा पर्याय दिसला तर थांबून वाचा. दिसतो महिन्याचा, बांधलेले असता वर्षाला, आणि मध्येच सोडलं की दंड. अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर याच प्रकारावरून दावा लावला. सोडायचा दंड नीट दिसेल असा सांगितला नाही, असा त्यात आरोप होता. कंपनीने तो नाकारला. तुम्ही सरळ वर्षाची वर्गणी एकदम भरा, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांच्या वरची आपोआप जाणारी रक्कम दर वेळी ओटीपीशिवाय कार्डावरून जात नाही. ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरवर गेला, कुणी बघितला नाही, की सकाळी सॉफ्टवेअर उघडत नाही.

हे मी भोगलंय. माझ्या ऑफिसात पगारपत्रकाचं एक सॉफ्टवेअर होतं, वर्गणीवर. कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड आलं, ते नोंदवायचं राहून गेलं. महिन्याची सात तारीख, टीडीएस भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे साडेनऊ. पडद्यावर एका कारखान्याच्या चौदा कामगारांची नावं दिसत होती, सगळी करड्या रंगात. प्रिंट दाबलं की पाटी यायची, वर्गणी भरा. एक्सपोर्ट दाबलं की तीच पाटी. मदतीचा फोन सकाळी दहाला सुरू होणार होता. ते चौदा जणांचे आकडे मी पडद्यावर बघून वहीत पेन्सिलीने उतरवले, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि चलन भरलं. ते आकडे माझ्या अशिलाचे होते, मीच भरलेले होते, आणि मला ते उचलायची मुभा नव्हती. त्या रात्रीपासून दर महिनाअखेरीला मी सगळं एक्सेलमध्ये काढून ठेवते, सॉफ्टवेअर कुणाचंही असो.

म्हणून परवान्यापेक्षा मला तुमच्या नकाशांची काळजी जास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कितीतरी घरांतले कागद गेले. अशा वेळी माणूस त्याचा नकाशा ज्याने काढला त्याच्याकडेच येतो. बाबांनी काढलेला प्रत्येक नकाशा उद्या कुणाची तरी गरज आहे. ते कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरविना उघडले पाहिजेत. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढा आणि सोबत डीएक्सएफ, कारण तो साचा इतर बहुतेक कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायची सॉफ्टवेअरं, वाचतात. नुसती डीडब्ल्यूजी ठेवू नका. आणि फॉन्ट विसरू नका. नकाशावरचं 'मालकाचे नाव', 'सि. स. नं.', उत्तर दिशेखालची टीप, हे सगळं बाबांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर नव्या मशीनवर तिथे नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसेल. भिंती, दारं, जिने जागच्या जागी, आणि मालकाचं नाव वाचता येत नाही. ते फॉन्ट आणि प्लॉटच्या (नकाशा छापायच्या) सेटिंगच्या फायली नकाशांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. ई-ट्रान्समिट ही कमांड असेल तर ती हे सगळं एकत्र बांधून देते. दोन मुलांना दुपारचा एक तास द्या, दोन-तीन महिन्यांत होईल.

कायमचा परवाना आजही विकणारी कॅड सॉफ्टवेअरं आहेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांनी तसे परवाने विकले आहेत आणि ती डीडब्ल्यूजीवरच चालतात. आज काय अटी आहेत ते लेखी विचारा. पण त्याआधी एक प्रश्न: परवानगीचं ऑनलाइन प्रकरण ज्या प्रीडीसीआरसारख्या साधनातून तयार होतं, ते त्या सॉफ्टवेअरवर चालतं का? महापालिकेच्या मदत कक्षाला विचारा आणि महिनाभराची चाचणी प्रत घेऊन एक खरं प्रकरण शेवटपर्यंत नेऊन बघा. नुसत्या फुकटाच्या भरवशावरही राहू नका. ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती कित्येक ऑफिसांनी वर्षानुवर्षं वापरली. ३१ डिसेंबर २०१९ नंतर ती उघडायचीच थांबली.

या सगळ्यात तुम्ही एकट्या आहात असं समजू नका. जुलै २०२० मध्ये झाहा हदीद आणि ग्रिमशॉसारख्या जगप्रसिद्ध वास्तुविशारद संस्थांनी ऑटोडेस्कच्या प्रमुखांना उघड पत्र लिहिलं होतं, की खर्च वाढतोय आणि त्या मानाने हाती काही पडत नाही. त्यांना बोलावंसं वाटलं, तर सांगलीतल्या तीन मशीनच्या ऑफिसाने एक ईमेल पाठवायला कचरू नये. सांगली-मिरजेतले आणखी चार-पाच ड्राफ्ट्समन गाठा. असाच फोन त्यांनाही आला असेल. सगळ्यांनी मिळून दर मागितला तर डीलरचा सूर बदलतो.

आणि तो फळीवरचा खोका आज संध्याकाळी खाली उतरवा. आतली डिस्क इतक्या पावसाळ्यांत खराब झाली नसेल तर नशीब. एखाद्या चालू ड्राइव्हमध्ये घालून तिची प्रत पेन ड्राइव्हवर आणि घरच्या हार्ड डिस्कवर करा. खोक्याच्या आतल्या बाजूला सिरियल नंबरचं लेबल असतं, त्याचा फोटो काढा, शाई उडालेली असली तरी काढा. बिल त्याच खोक्यात असेल. माझ्या वडिलांच्या पिढीची माणसं बिल खोक्यातच ठेवायची. डीलरचं उत्तर आलं की मला कळवा.